दिसायला शाबूत, कामाला निकामी: चेनसॉच्या गार्डचा कान

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वादळी पाऊस झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी बडोद्यात जिकडेतिकडे एकच घरघर ऐकू येते. अलकापुरीत रस्त्यावर आडवा झालेला रेनट्री, कारेलीबागेत विजेच्या तारांवर रेललेला गुलमोहर, वाडीत कुणाच्या कौलांवर आलेली पिंपळाची फांदी, हे सगळे हलवायला आता कुऱ्हाड येत नाही, चेनसॉ म्हणजे साखळीची यांत्रिक करवत येते. २०२१ च्या मे महिन्यातले तौक्ते वादळ असो की २०२४ च्या ऑगस्टमधला विश्वामित्रीचा पूर, अशा आपत्तीनंतर सोसायट्या, शाळा, शेतकरी स्वतःचे मशीन घेऊन ठेवतात. ते घेताना विचारले जाते ते एवढेच: किती सीसी आणि किती इंची बार, म्हणजे चेन ज्याच्या कडेने फिरते ते लांब पाते. ज्या भागावर चालवणाऱ्याचा चेहरा आणि गळा अवलंबून असतो त्या भागाकडे घेणारा पाहत नाही आणि विकणाराही दाखवत नाही. त्या भागाची रचनाच अनेक मशीनमध्ये कच्ची आहे. पावसाळ्याच्या तोंडावर हे वाचकांपर्यंत आणि महापालिकेपर्यंत पोचावे, म्हणून हे पत्र.

भाग म्हणजे पुढच्या हँडलसमोर उभा असलेला प्लास्टिकचा गार्ड. फांदीचे फटकारे हातावर बसू नयेत एवढ्यासाठीच तो आहे, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो चेन ब्रेकचा दांडा आहे. क्लचच्या ड्रमभोवती (चेनला फिरवणाऱ्या वाटीभोवती) पोलादाची एक पातळ पट्टी असते आणि ती आवळण्यासाठी एक जोरकस स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. ही स्प्रिंग अडकवून ठेवणारी कळ गार्डला जोडलेली असते. गार्ड पुढे ढकलला गेला की कळ सुटते, स्प्रिंग पट्टी ओढते, ड्रम जागच्या जागी थांबतो आणि त्याबरोबर चेन थांबते.

गार्ड पुढे जातो तो दोन प्रकारांनी. बार उसळला की डावे मनगट त्याच्यावर आपटते, हा पहिला. दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा आहे. मशीन झटक्याने वर फिरते तेव्हा गार्ड स्वतःच्या वजनामुळे मागे रेंगाळतो, म्हणजे मशीनच्या हिशेबाने पुढे जातो, आणि हाताचा स्पर्श न होताही ब्रेक लागतो. म्हणूनच गार्डचे वजन आणि त्याची उंची ही शोभेची बाब नाही, ती ब्रेकच्या हिशेबातली आहे.

बार उसळणे म्हणजे काय, हेही सांगायला हवे. बार उजवीकडे रोखलेला आहे असे समजून त्याच्या गोल टोकावर घड्याळाची तबकडी कल्पावी. १२ ते ३ या पाव भागात चालती चेन कशाला टेकली तर तिथला दात लाकडात शिरत नाही, अडकतो. चेन अडकली की तिचा सगळा जोर उलटा फिरून बारलाच वर आणि मागे फेकतो, थेट चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, गळ्याकडे आणि डाव्या खांद्याकडे. वडांच्या या शहरात याचा धोका अंमळ जास्तच. पडलेला वड कापताना समोरची फांदी दिसते, पण तिच्यामागे लपलेली मनगटाएवढी पारंबी दिसत नाही. बार फांदीतून आरपार गेला की त्याचे टोक नेमके त्या पारंबीला भिडते.

आता थोडे गणित. सात दात्यांचे स्प्रॉकेट (चेन ओढणारे दातेरी चाक), पॉइंट ३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांच्या अंतराचे माप) चेन आणि मिनिटाला १०,००० फेरे धरले तर चेन सेकंदाला सुमारे १९ मीटर धावते, म्हणजे ताशी जवळपास ७० किलोमीटर. आयएसओ ११६८१-१ हे मानक सांगते की ब्रेक लागल्यापासून चेन सरासरी ०.१२ सेकंदात आणि जास्तीत जास्त ०.१५ सेकंदात थांबली पाहिजे. वेग एकसारखा उतरत गेला असे धरले तर ०.१२ सेकंदात चेन साधारण १.१५ मीटर पुढे जाते. २२ इंची बारवरच्या ८६ लिंकच्या चेनची लांबी १.४२ मीटर असते. म्हणजे ब्रेक ठीक असेल तर चेन एक पूर्ण फेराही मारत नाही. ब्रेक लागलाच नाही तर ती सेकंदाला तेरा-चौदा फेरे मारत अंगावर येते. धोका ओळखून हात हलवायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. या शर्यतीत माणूस कधीच जिंकत नाही, जिंकला तर गार्डच जिंकतो.

असा हा गार्ड उभा कशावर असतो? दोन बाजूंच्या दोन कानांवर. कारागीर त्यांना कानच म्हणतात. एक कान स्टार्टरच्या बाजूला, दुसरा क्लचच्या बाजूला. प्रत्येकात एक भोक, त्यातून पिन किंवा स्क्रू, आणि त्यावर गार्ड झुलतो. क्लचच्या बाजूच्या कानाला खाली एक बोट असते. ते बोट ब्रेकच्या कळीत अडकते आणि सगळी ओढ त्याच्यातून जाते. समजा गार्डचे वरचे टोक भोकापासून १२ सेंटिमीटरवर आहे आणि बोट २ सेंटिमीटरवर. तर वर दिलेला ५ किलोचा जोर खाली ३० किलोचा होतो, आणि तो पेलायचा असतो बोटाएवढ्या रुंदीच्या, चारेक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकला.

खरा दोष आता येतो. क्लचच्या बाजूचा कान तडकला किंवा बोट तुटले, तरी गार्ड पडत नाही. स्टार्टरच्या बाजूचा कान आणि कव्हरची कड त्याला उभा धरून ठेवतात. लांबून पाहिले तर मशीन शाबूत दिसते. गार्ड मागे-पुढे हलतोही. फक्त त्याचा कळीशी संबंध तुटलेला असतो. चालवणारा त्याच्या भरवशावर काम करत राहतो आणि ब्रेक मेला आहे हे बार उसळेल त्याच क्षणी कळते.

रेल्वेगाडीत ब्रेकचा पाइप तुटला तर ब्रेक आपोआप लागतात, गाडी उभी राहते. मोठ्या ट्रकच्या पार्किंग ब्रेकमध्ये हवा गेली की स्प्रिंग चाक जखडते. तिथे मोड झाली तर वाहन थांबते. या गार्डमध्ये मोड झाली तर मशीन चालूच राहते आणि काही सांगतही नाही. कान तुटताच कळ सुटावी आणि ब्रेक लागून बसावा अशी जोडणी करणे अशक्य नाही. निदान कान तुटला तर गार्ड एका बाजूला लोंबावा आणि काम थांबवणे भाग पडावे, एवढे तरी रचनेत असायला हवे. प्लास्टिक वापरले म्हणून आमची तक्रार नाही. चांगले काचतंतू घातलेले नायलॉन या कामाला योग्य आहे, हलके आहे, धक्का पचवते. तक्रार आहे ती ते कुठे, किती आणि कोणत्या आकारात घातले आहे याची.

कान तिथेच का तुटतो याची कारणे मोल्डिंगच्या कामात असलेल्यांना नवी नाहीत. वितळलेला दाणा, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल, डायमध्ये (साच्यात) सहसा गार्डच्या रुंद भागातून शिरतो आणि खाली कानापर्यंत येतो. तिथे भोक ठेवण्यासाठी उभी असलेली पिन त्याची वाट अडवते. प्रवाह दुभंगतो, पिनला वळसा घालतो आणि पलीकडे पुन्हा मिळतो. जिथे मिळतो तिथे सांधा राहतो. नुसत्या नायलॉनमध्ये हा सांधा बरा जुळतो. काचतंतूंच्या नायलॉनमध्ये मात्र तंतू सांधा ओलांडत नाहीत, सांध्याला समांतर आडवे पडतात. त्यामुळे तिथली ताकद बाकीच्या भागाच्या जवळपास निम्म्यावर येऊ शकते. म्हणजे ज्या भोकावर सगळा भार आहे त्याच्या कडेलाच सर्वांत कच्ची रेषा. नवा गार्ड उन्हात तिरका धरला तर भोकापासून कडेपर्यंत गेलेली केसासारखी बारीक रेघ कधी कधी डोळ्यांनाही दिसते. भाग अजून वापरलेलाही नसतो, आणि कुठून तुटणार ते त्याच्यावर लिहिलेले असते.

दुसरी जागा कानाच्या मुळाशी. रुंद गार्ड जिथे अचानक अरुंद कानात उतरतो तिथला आतला कोपरा पुष्कळ गार्डमध्ये काटकोनी, धारदार असतो. ताण अशाच कोपऱ्यात गोळा होतो. कोपऱ्याची गोलाई जाडीच्या निम्मी तरी हवी, हा प्लास्टिकच्या रचनेतला बाराखडीचा नियम आहे. ४ मिलिमीटर जाडीला २ मिलिमीटर गोलाई. स्वस्त गार्डमध्ये बोट फिरवून पाहावे, गोलाई लागतच नाही.

तिसरे कारण स्क्रूचे. चांगल्या रचनेत भोकात पोलादी बुश (आखूड नळी) असतो किंवा मधे खांदा असलेला स्क्रू असतो, म्हणजे स्क्रू कितीही आवळला तरी दाब धातूवर बसतो आणि कान मोकळा झुलतो. बुश नसेल तर स्क्रूचे डोके थेट प्लास्टिकवर बसते. ढिला ठेवला तर गार्ड डुगडुगतो, म्हणून कोणीतरी तो करकचून आवळतो, आणि सांध्याची रेघ तिथल्या तिथे उघडते. साधारण १ मिलिमीटर जाडीच्या एका नळीच्या तुकड्याने हे टळते. एवढ्या क्षुल्लक तुकड्याची बचत माणसाच्या गळ्याशी येते, याचा आम्हाला मनापासून राग आहे.

दाण्याचेही पाहायला हवे. गार्डच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत मटेरियल कोरलेले असते. तिथे पीए६-जीएफ३० असे असेल तर तो ३० टक्के काचतंतूंचा नायलॉन-६. पीपी किंवा एबीएस असे दुसऱ्या प्लास्टिकचे नाव असेल, किंवा काहीच नसेल, तर सावध व्हावे. एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि हा गार्ड सायलेन्सरपासून फार लांब नसतो. शिवाय कोरलेले अक्षर खरे असले तरी दाण्यात रिग्राइंड (दळून पुन्हा वापरलेले प्लास्टिक) किती घातला हे बाहेरून कळत नाही. तुटके भाग आणि रनर (डायच्या वाटेत गोठलेले प्लास्टिक) दळून पुन्हा पुन्हा घातले की काचतंतू आखूड होतात आणि आखूड तंतू धक्का पेलत नाहीत.

आपल्याकडची हवा यात भर घालते. नायलॉन पाणी पिते आणि पाण्यानेच चिवट राहते. साधारण दमट हवेत नायलॉन-६ वजनाच्या अडीच-तीन टक्के ओलावा धरते. मोल्डमधून निघालेला कोरडा भाग कडक पण ठिसूळ असतो. म्हणून चांगले कारखाने मोल्डिंगनंतर भाग पाण्यात ठेवून मुरवतात. बडोद्याच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, दुपारी हवा कोरडी ठणठणीत. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने पडलेले मशीन अशा वेळी पुन्हा कोरडे होते. त्यातून उघड्यावर ठेवलेले असेल तर उन्हाने वरचा थर भुरकट, खडूसारखा होतो. काळा गार्ड त्यातल्या त्यात टिकतो, कारण काजळी ऊन अडवते. नारिंगी, पिवळ्या, लाल गार्डमध्ये त्यासाठी वेगळा मसाला घालावा लागतो आणि स्वस्तात तो गाळला जातो. मग वळवाचा पहिला पाऊस येतो, झाड पडते आणि आठ-नऊ महिने न हाताळलेले मशीन घाईघाईत बाहेर निघते. त्याच दिवशी त्याच्या गार्डला सर्वांत जास्त काम असते.

वापरणाऱ्यांच्या सवयींनीही कान तुटतात, पण त्यांना सगळा दोष देता येणार नाही. शिडीवरच्या माणसाला मशीन वर देताना गार्ड धरून दिले जाते, दोर बांधताना हँडलऐवजी गार्डला गाठ मारली जाते, टेम्पोत मशीन उलटे टाकले जाते. साडेसहा किलोचे मशीन एक मीटरवरून गार्डवर पडले तर ६४ ज्यूलचा धक्का बसतो, तोही बहुधा एकाच कानावर. पण पडण्यापेक्षाही जास्त कान तुटतात ते कव्हर काढ-घाल करताना, आणि याचे मूळ पुन्हा रचनेतच आहे.

काही मशीनमध्ये ब्रेकची पट्टी इंजिनाच्या अंगात असते, काहींमध्ये ती क्लच कव्हरमध्ये असते. दुसऱ्या प्रकारात ब्रेक लागलेला असताना बारचे दोन नट काढून कव्हर खेचले की पट्टी आवळलेल्या स्थितीतच बाहेर येते. परत बसवताना ती ड्रमवर चढत नाही. मग गार्डच कव्हरच्या खाचेत घालून, तोच पान्यासारखा पिळून पट्टी उघडण्याचा प्रयत्न होतो. स्प्रिंग जोरकस असते, कान तडकतो. बरेचदा तुकडा निघतही नाही, नुसती तड जाते आणि मशीन तसेच कामावर जाते. म्हणून कव्हर काढण्याआधी गार्ड हँडलकडे ओढून ‘टक्क’ असा आवाज येईपर्यंत मागे घ्यावा, ब्रेक सुटल्याची खात्री करावी आणि मगच १३ चा पाना लावावा. चुकून पट्टी आवळलेली निघालीच तर कव्हरमधल्या खाचेत मशीनबरोबर मिळालेला पाना घालून कळ फिरवावी, गार्डला हात लावू नये. पट्टीवरची झाकणी उघडायची वेळ आली तर डोळ्यांवर चष्मा हवा आणि कव्हर कापडी पिशवीत धरावे. स्प्रिंग उडाली तर डोळा घेते.

कान तुटल्यावर जे उपाय केले जातात त्यांतला एकही आम्हाला मान्य नाही. एपॉक्सीची लांबी (पुटी) नायलॉनला धड चिकटत नाही. चिकटल्यासारखी वाटते आणि धक्क्याला पापुद्र्यासारखी सुटते. तापलेल्या खिळ्याने भोके पाडून तार ओवली तर तड जाण्याच्या आणखी दोन जागा तयार होतात. लेथवाल्याकडून २ मिलिमीटर पत्र्याचा गार्ड करून घेणारेही आहेत. तो तुटत नाही हे खरे, पण जड असतो. त्यामुळे प्रत्येक जाड फांदी सुटताना बसणाऱ्या हिसक्यालाच ब्रेक लागतो. दिवसातून पन्नास वेळा असे झाले की चालवणारा वैतागून गार्ड हँडलला तारेने बांधून टाकतो, म्हणजे ब्रेक पुरता गेला. उलट गार्डचा वरचा भाग तुटला म्हणून करवतीने साफ कापून वापरला, तर वजन कमी होते आणि झटक्याने आपोआप लागणारा ब्रेक उशिरा लागतो किंवा लागतच नाही. एकच उपाय आहे: त्याच मॉडेलचा नवा गार्ड. आणि तो बाजारात मिळत नाही, ही दुसरी मोठी तक्रार. पिस्टन, कार्बुरेटर, क्लच, स्टार्टरची दोरी सगळे सुटे मिळते. गार्ड मागितला तर पूर्ण कव्हर घ्या किंवा दुसऱ्या मॉडेलचा जमवून घ्या, असे उत्तर येते. जमवून घेतलेल्या गार्डचे बोट कळीत अर्धेच बसते.

तड ओळखायची साधी रीत आहे. मशीन बंद करावे, स्पार्क प्लगची टोपी काढावी. दोन्ही कान आणि त्यांची मुळे रंगाच्या ब्रशने झाडून कोरड्या फडक्याने पुसावीत. त्यावर पातळ तेलाचा एक थेंब ओढावा, मिनिटभर थांबावे, पुन्हा कोरडे पुसावे. मग गार्डचे वरचे टोक चिमटीत धरून हलकेच डावीकडे-उजवीकडे वाकवावे आणि कानाकडे पाहावे. तड असेल तर तिच्यात शिरलेले तेल बारीक रेघेने बाहेर येते. काळ्या प्लास्टिकवर ती चमकती रेघ मोबाइलचा कॅमेरा मोठा करून सहज दिसते. मुळाशी पांढुरकी झाक दिसली तर तीही वाईट खूण, प्लास्टिक तिथे ताणले गेले आहे.

तड दिसली नाही तरी ब्रेकची परीक्षा रोज हवी. आधी इंजिन बंद ठेवून. ब्रेक सोडलेला, लाकडाचा ओंडका समोर, बारचे टोक त्याच्यावर ३५ ते ४५ सेंटिमीटर उंच. मग डावा हात पुढच्या हँडलवरून सोडावा, मशीन उजव्या हातात मागच्या हँडलवर झुलू द्यावे. टोक ओंडक्यावर आपटताच गार्ड आपणहून पुढे पडला पाहिजे. ही आपोआप लागणाऱ्या ब्रेकची परीक्षा. ती दोन-तीनदा करावी, एकदा जमले म्हणून समाधान मानू नये. नंतर इंजिन चालू करून, दोन्ही हातांनी घट्ट धरून, पूर्ण रेस द्यावी आणि पुढचे हँडल न सोडता डाव्या मनगटाने गार्ड पुढे ढकलावा. चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. थांबताच रेस सोडावी. ब्रेक लावून रेस देत राहिले तर ड्रम लाल होतो आणि जवळचे ऑइल पंपाचे प्लास्टिकचे गिअर वितळते. चेन घसरत घसरत थांबत असेल तर गार्ड ठीक असूनही पट्टी झिजली आहे किंवा तेल आणि भुश्याने माखली आहे. वडाच्या चिकाने भिजलेला भुसा तर कव्हरमध्ये खळीसारखा बसतो. रोज कव्हर उघडून तो खरवडून काढावा. पट्टी सर्वांत झिजलेल्या जागी ०.६ मिलिमीटरपेक्षा पातळ झाली असेल तर बदलावी. दोन्हींपैकी एका परीक्षेतही ब्रेक नापास झाला तर त्या दिवशी त्या मशीनने एक डहाळीही कापू नये.

जाता जाता चेन कॅचरचे नाव घेतले पाहिजे. बारच्या मुळाशी, खालच्या बाजूला असलेला अंगठ्याएवढा आकडा. चेन तुटली किंवा उतरली तर तिचे मोकळे टोक उजव्या हातावर फटकारते, ते हा आकडा अडवतो. तोही प्लास्टिकचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो, मार खाऊन तुटण्यासाठीच असतो, आणि तुटल्यावर कुणी नवा बसवत नाही. एका स्क्रूचे काम आहे. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या चार-सहा इंची बॅटरीच्या छोट्या करवतींपैकी अनेकींमध्ये वरचे प्लास्टिक हे नुसते झाकण असते, त्याच्यामागे ब्रेक नसतोच. ते झाकण पाहून त्या मोठ्या मशीनइतक्या सुरक्षित आहेत असे कुणी समजू नये.

महापालिकेच्या उद्यान आणि अग्निशमन विभागांना आमची विनंती आहे. चेनसॉच्या निविदेत सीसी आणि बारबरोबर आणखी अटी घालाव्यात. मशीन आयएसओ ११६८१-१ प्रमाणे असल्याचा चाचणी अहवाल हवा. गार्डच्या मजबुतीसाठी आयएसओ ६५३४ आणि चेन कॅचरसाठी आयएसओ १०७२६ ही वेगळी मानके आहेत, त्यांचा उल्लेख नावानिशी हवा. गार्डच्या कानात धातूचा बुश हवा. प्रत्येक मशीनबरोबर दोन सुटे गार्ड आणि दोन चेन कॅचर त्याच किमतीत मिळावेत आणि पाच वर्षे ते सुटे मिळण्याची लेखी हमी असावी. ठेकेदारांच्या माणसांच्या मशीनलाही कामाच्या ठिकाणी ओंडक्यावरची परीक्षा लागू करावी. दोन मिनिटे लागतात आणि मुकादमालाही करता येते. सोसायटीत झाड कापायला माणूस बोलावणाऱ्यांनीही पैशाचे ठरवण्याआधी त्याला एवढे करून दाखवायला सांगावे. ज्याचे मशीन ठीक आहे तो आनंदाने दाखवतो.

गार्ड बनवणाऱ्यांसाठी शेवटी थोडेसे, कारण हे काम बडोद्यात होण्यासारखे आहे. नायलॉन-६ याच शहरात गुजरात स्टेट फर्टिलायझर्सच्या कारखान्यात तयार होते. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) डाय करणारे आणि मोल्डिंग करणारे आहेत. १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनाचे आजचे रूप असलेली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा इथे आहे. प्रचलित मॉडेलचे चांगले सुटे गार्ड इथे का बनू नयेत? गोलाई वाढवायला नवी डाय लागत नाही. भागाचा आतला कोपरा म्हणजे डायच्या पोलादाची बाहेरची कड. ती कड घासून गोल केली की भागात आपोआप तेवढे प्लास्टिक वाढते. पोलाद काढायचे आहे, भरायचे नाही, त्यामुळे वेल्डिंगचा प्रश्न येत नाही. बुशसाठी भोकाची पिन जाड करावी लागेल आणि बुश मोल्डिंगनंतर दाबून बसवता येईल. गेट (दाणा डायमध्ये शिरतो ते तोंड) मात्र हलवावे, म्हणजे सांधा भोकाच्या भाराच्या बाजूला न येता वरच्या, कमी ताणाच्या बाजूला येईल. गेट हलवणे जमत नसेल तर भोकाभोवतीची जाडी दीडपट करून कडेला एक फासळी द्यावी. पण जाडी एकाच ठिकाणी फार वाढवू नये, आत पोकळी राहते. आणि नवा गार्ड जुन्याच्या वजनाशी तोलून पाहावा. फार जड झाला तर ब्रेक उगाच लागेल, हलका झाला तर वेळेवर लागणार नाही. पहिल्या खेपेचे काही नग धक्का देऊन तोडून पाहावेत आणि ते कानातून तुटतात की वरून, याची नोंद ठेवावी. वरून तुटले तर कान जमला.

आपले,
छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीत आणि प्लास्टिक मोल्डिंगमध्ये काम करणारे काही वाचक,
बडोदे